सल्ला हीदेखील अमानत आहे

आपल्या घरातील नळाला येणारे पाणी किती निर्णयांतून वाहत येते, याचा विचार आपण क्वचितच करतो. नदीतून पाणी कोठे उचलावे, जलवाहिनीचा व्यास किती असावा, टाकी किती उंचीवर उभारावी, गटाराला उतार किती द्यावा, हे कोणीतरी ठरविलेले असते. ठरविणारा मनुष्य बहुधा आपल्या गावचा नसतो. आपण त्याला मत दिलेले नसते, त्याचे नावही आपल्याला ठाऊक नसते, आणि काम संपले की तो दुसऱ्या गावाच्या कामाला लागतो. नगर परिषदेच्या कागदपत्रांत त्याला ‘प्रकल्प सल्लागार’ असे म्हणतात.

एखादे गाव आपल्या हिताचा निर्णय अशा बाहेरच्या तज्ज्ञाच्या हाती सोपविते, तेव्हा त्या निर्णयाचा जाब कोणी द्यायचा? फी घेऊन सल्ला देणाऱ्याने, सल्ल्यावर सही करणाऱ्याने, की ज्यांच्या पैशातून ती फी दिली गेली त्या आपण सर्वांनी? हा प्रश्न वरवर प्रशासकीय दिसतो. वास्तविक तो अमानतीचा प्रश्न आहे आणि अमानतीविषयी आपल्या धर्माने आपल्याला अंधारात ठेवलेले नाही.

घोड आणि भीमेच्या काठावर

शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्यातील दोन गावांचेच उदाहरण घ्या. शिरूर घोड नदीच्या काठी वसले आहे. जुनी माणसे त्याला आजही घोडनदीच म्हणतात. दौंड भीमेच्या काठी आहे आणि रेल्वेचे जंक्शन म्हणून साऱ्या देशाला परिचित आहे. दोन्ही ठिकाणी नगर परिषदा आहेत. पाणी, गटारे, रस्ते, दिवाबत्ती, स्वच्छता ही कर्तव्ये 1965 च्या महाराष्ट्र नगर परिषद अधिनियमाने त्यांच्यावर सोपविली आहेत. कर्तव्यांची यादी लांबलचक, परंतु लहान नगर परिषदेच्या आस्थापनेवरील अभियंत्यांची संख्या मात्र मोजकी असते. दैनंदिन दुरुस्त्या, तक्रारी आणि देयके यांतच त्यांचा दिवस सरतो.

दुसरीकडे, शासनाच्या मोठ्या योजनांचा निधी हवा असेल तर सविस्तर प्रकल्प अहवाल द्यावा लागतो. 2021 मध्ये सुरू झालेल्या अमृत योजनेच्या दुसऱ्या टप्प्याने तर लहान शहरांच्या पाणीपुरवठ्यालाही आपल्या कक्षेत घेतले. अहवालासाठी सर्वेक्षण हवे, पुढील तीस वर्षांच्या लोकसंख्येचा अंदाज हवा, नकाशे आणि अंदाजपत्रके हवीत. म्हणून सल्लागार नेमला जातो. तो अहवाल तयार करतो, निविदेची कागदपत्रे लिहितो आणि पुष्कळदा कामावर देखरेख ठेवून ठेकेदाराच्या देयकाची शिफारसही करतो. पाणीपुरवठ्याच्या योजनेला तांत्रिक मान्यता देण्याचे काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरण करते. तथापि मान्यता जो कागद समोर येतो त्यावर मिळते, आणि तो कागद सल्लागाराने लिहिलेला असतो.

दौंडकरांच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. पुण्याचे सांडपाणी पोटात घेऊन आलेली मुळा-मुठा शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि तेच पाणी पुढे दौंडकडे वाहते. पुण्याच्या नदीशुद्धीसाठी जपानच्या जायका या संस्थेशी 2016 मध्ये कर्जाचा करार झाला. सुमारे 990 कोटी रुपयांच्या त्या प्रकल्पात दररोज 396 दशलक्ष लिटर क्षमतेची 11 शुद्धीकरण केंद्रे ठरली होती. प्रत्यक्ष बांधकामाला लागण्यापूर्वी कित्येक वर्षे उलटली. म्हणजे पुण्याच्या कार्यालयातील विलंब किंवा तत्परता दौंडच्या घाटावर पोहोचते. एका गावाच्या सल्ल्याचे ओझे दुसऱ्या गावाने वाहावे, असा नदीचा स्वभावच आहे.

परक्याचे ज्ञान घेण्यात कमीपणा नाही

‘बाहेरचा माणूस कशाला? आपले प्रश्न आपल्यालाच कळतात,’ असे म्हणणारे अनेक भेटतात. इस्लामच्या दृष्टीने मात्र ज्ञानाला गाव नसते आणि कौशल्याला जात नसते.

हिजरतचा प्रसंग आठवा. मक्केतील शत्रू प्राणावर उठले होते. अशा वेळी प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत अबू बक्र (रजि.) यांनी वाट दाखविण्यासाठी जो वाटाड्या मोबदला देऊन नेमला, तो मुस्लिम नव्हता, तो अद्याप कुरैशांच्याच धर्मावर होता. सहीह बुखारीतील निवेदनानुसार तो मार्गांचा निष्णात जाणकार होता आणि उभयतांनी त्याच्यावर विश्वास टाकला. आपल्या सांडणी त्याच्या स्वाधीन केल्या आणि तीन रात्रींनंतर सौर गुहेजवळ येण्याचे त्याच्याशी ठरविले. त्याने शब्द पाळला. मानवी इतिहासाला वळण देणाऱ्या त्या प्रवासाचा मार्ग एका बाहेरच्या तज्ज्ञाने आखला. खंदकाच्या युद्धाचीही हीच शिकवण आहे. मदीनेच्या रक्षणासाठी खंदक खोदण्याची कल्पना इराणातून आलेल्या हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी सुचविली, अरबांना ती रीत अपरिचित होती, तरीही ती स्वीकारली गेली आणि स्वतः प्रेषितांनी (स.) मातीच्या टोपल्या वाहिल्या.

आपल्या दख्खनच्या इतिहासातही याचे मोठे उदाहरण आहे. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहरात हाहाकार माजविला. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हा निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात वर्षानुवर्षे राबलेले अभियंते होते. ज्या खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी आज दौंडच्या शेतांना मिळते, त्याच तलावावर त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसविले होते. मुस्लिम संस्थानाने एका हिंदू अभियंत्याचा सल्ला घेतला, त्याने 1909 मध्ये अहवाल दिला आणि पूर रोखण्यासाठी शहराच्या वर जलाशय बांधण्याची योजना मांडली. त्यातून उस्मान सागर 1920 मध्ये आणि हिमायत सागर 1927 मध्ये पूर्ण झाला.

या उदाहरणातील एक बारकावा मात्र नजरेआड करू नये. सल्लागार अहवाल देऊन म्हैसूरला निघून गेला; पुढची जवळजवळ दोन दशके संस्थानाने तो अहवाल वाचला, समजून घेतला आणि अमलात आणला. सल्ला बाहेरून आला होता. तो पेलण्याची कुवत मात्र राज्याने स्वतःच्या पदरी तयार केली. पुढे निजाम सागर उभारणारे नवाब अली नवाज जंग हे त्याच राज्याचे अभियंते होते. ज्या नगर परिषदेला आपल्या सल्लागाराचा अहवाल वाचून प्रश्न विचारणारा एकही माणूस ठेवता येत नाही, तिने ज्ञान घेतलेले नसते, केवळ परावलंबन घेतलेले असते.

बलवान आणि विश्वासू

मग सल्लागार कसा निवडावा? पवित्र कुरआनने यासाठी दोन शब्दांत कसोटी दिली आहे. मदयनच्या पाणवठ्यावर हजरत मूसा (अलै.) यांनी दोन असहाय मुलींच्या मेंढरांना पाणी पाजले. नंतर त्यांतील एकीने आपल्या पित्याला सुचविले की, यांना कामावर ठेवावे, कारण कामावर ठेवण्यास उत्तम मनुष्य तोच जो सामर्थ्यवान आहे आणि अमानतदारही आहे (सूरह अल-कसस, आयत 26). हजरत यूसुफ (अलै.) यांनी मिस्रच्या कोठारांची जबाबदारी मागितली तेव्हा त्यांनीही जतन करणारा आणि जाणकार हेच आपले दोन गुण सांगितले (सूरह यूसुफ, आयत 55). वंशाचा, वशिल्याचा वा ओळखीचा उल्लेख दोन्हीकडे नाही.

सामर्थ्याविना विश्वासूपणा असेल तर सज्जन माणसाच्या हातून टाकी गळते. विश्वासूपणाविना सामर्थ्य असेल तर टाकी कागदावर भक्कम आणि जमिनीवर पोकळ राहते. एकाच माणसात दोन्ही गुण एकत्र आढळणे दुर्मीळ, हे इमाम इब्न तैमिया (निधन 1328) यांनी राज्यकारभाराविषयी लिहिताना मान्य केले आहे. त्यांचे म्हणणे असे की, ज्या कामाला ज्या गुणाची निकड अधिक, तो गुण तेथे प्रथम पाहावा. आणि एकाने भागत नसेल तर अनेकांना एकत्र करावे. आज ज्याला आपण त्रयस्थ तपासणी म्हणतो, तिचे मर्म यापेक्षा वेगळे नाही. एकजण आराखडा करतो, दुसरा बांधतो, आणि ज्याचा पहिल्या दोघांशी लागाबांधा नाही असा तिसरा तपासतो. परंतु तो तिसराही पहिल्याच्याच ओळखीचा निघाला, तर तीन सह्या एकाच सहीइतक्या दुबळ्या ठरतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बाहेरचा सल्लागार म्हणजे धोका आणि स्वतःचा अभियंता म्हणजे सुरक्षितता, असे समीकरण नाही. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही गेली आणि पुणे शहराने आपल्या आठवणीतील सर्वांत भीषण दिवस पाहिला. ते धरण शासनाच्याच यंत्रणेने बांधले होते आणि काम पुरते झालेले नसताना त्यात पावसाळ्याचे पाणी साठले होते. माणूस आतला की बाहेरचा, हा दुय्यम प्रश्न आहे. त्याच्या ‘थांबा’ या शब्दाला किंमत दिली जाते की नाही, हा मुख्य प्रश्न आहे.

सल्ला देणाऱ्याचे उत्तरदायित्व

प्रेषित मुहम्मद (स.) यांची एक हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांनी नोंदविली आहे. तिचा आशय असा की, ज्याच्याकडे सल्ला मागितला जातो त्याच्यावर अमानत सोपविलेली असते. दुसऱ्या एका हदीसनुसार, भले दुसऱ्या गोष्टीत आहे हे ठाऊक असताना जो आपल्या बांधवाला भलताच सल्ला देतो, तो त्याच्याशी विश्वासघात करतो. सल्ला ही वस्तू नाही. ती ग्राहकाने पारखून घ्यावी असे म्हणता येत नाही. सल्ला घेणाऱ्याला त्या विषयातले कळत नाही, म्हणूनच तर तो सल्ला मागतो. त्याच्या अज्ञानाचा लाभ उठविणे म्हणजे आंधळ्याला रस्ता ओलांडून देताना त्याचा खिसा कापणे होय.

आता एका अवघड जागेकडे वळू. अनेक करारांत सल्लागाराची फी प्रकल्पाच्या खर्चाच्या टक्केवारीने ठरते. समजा, एका योजनेचे अंदाजपत्रक 10 कोटींचे आहे आणि फी 3 टक्के आहे. सल्लागाराला 30 लाख मिळतील. त्याने मनापासून पाहणी केली आणि त्याला आढळले की जुनी वाहिनी दुरुस्त करून 8 कोटींत काम भागते, तर त्याची फी 24 लाखांवर येते. प्रामाणिकपणा त्याला 6 लाखांना पडतो आणि खर्च फुगविणे मात्र लाभाचे ठरते. असा करार करणाऱ्याने माणसाच्या ईमानाची परीक्षा घेण्याची व्यवस्थाच करून ठेवलेली असते. टक्केवारीची फी सर्वस्वी निषिद्ध आहे असा दावा येथे नाही. तो निर्णय विद्वानांचा. परंतु मोहाचे दार उघडे ठेवून चोरीबद्दल आश्चर्य करणे शहाणपणाचे नाही. ठरावीक रकमेची फी, टप्प्याटप्प्याने देय आणि काही भाग योजना सुरळीत चालू झाल्यानंतर, अशी रचना शक्य असताना ती न करणे हा करार करणाऱ्याचा दोष आहे.

भेटवस्तूंचेही तसेच. जकात गोळा करण्यासाठी पाठविलेल्या एका मनुष्याने परत आल्यावर काही माल वेगळा काढून, हा मला भेट मिळाला, असे सांगितले. तेव्हा प्रेषितांनी (स.) मिंबरवरून जाहीर विचारणा केली की, हा आपल्या मातापित्याच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे आली असती काय? ठेकेदाराकडून दिवाळीला वा ईदला येणाऱ्या प्रत्येक पाकिटाला हा एकच प्रश्न विचारावा. उत्तर आपोआप मिळते.

आपल्या फकीहांनी या बाबतीत केवळ उपदेशावर भिस्त ठेवली नाही. ज्याला वैद्यकाचे ज्ञान नाही त्याने उपचार केले तर हानीची भरपाई त्याच्यावर येते, असे हदीसमध्ये आले आहे. अनेकांची कामे घेणाऱ्या कारागिराच्या ताब्यात असताना वस्तू नष्ट झाली तर काय, यावर इमाम अबू हनीफा (रह.) आणि त्यांचे दोन शिष्य इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद (रह.) यांच्यात मतभेद झाला. इमामांच्या मते दोष सिद्ध झाल्याविना भरपाई नाही. शिष्यांच्या मते टाळता न येणारी आपत्ती वगळता भरपाई द्यावीच लागेल, कारण त्याविना लोकांचा माल सुरक्षित राहणार नाही. बाराशे वर्षांपूर्वीचा हा विचार आजच्या करारातील दोषदायित्वाच्या कलमाशी ताडून पाहा. जो सल्लागार एकाच वेळी अनेक गावांची कामे घेतो आणि एकाचा नकाशा दुसऱ्याला जोडून देतो, त्याच्या करारात भरपाईचे कलम असावे की नसावे?

सल्ला घेणाऱ्याचे उत्तरदायित्व

आता सही करणाऱ्यांकडे या. काही बिघडले की एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘आम्ही तज्ज्ञाच्या सल्ल्यानुसारच केले.’ या वाक्याने चौकशी कदाचित टळेल, परंतु कयामतच्या दिवशी ते पुरेल काय? तुमच्यापैकी प्रत्येकजण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या रयतेविषयी विचारले जाईल, या प्रसिद्ध हदीसमध्ये राखणीचे काम फी देऊन दुसऱ्याला देण्याची सवलत नाही. मेंढपाळाने मदतनीस ठेवावा. कळप मात्र त्याचाच राहतो. अल्लाहने अमानती त्यांच्या हकदारांच्या स्वाधीन करण्याचा आदेश दिला आहे (सूरह अन-निसा, आयत 58). अपात्रांच्या हाती कारभार जाणे, याला प्रेषितांनी (स.) अमानत हरवण्याचे लक्षण म्हटले आहे. म्हणून नेमणूक हीच पहिली अमानत, आणि नेमल्यानंतर लक्ष ठेवणे ही दुसरी.

सल्ला मिळूनही तो अमलात न आणणे ही तिसरी कसूर. 15 जून 2025 रोजी आपल्याच जिल्ह्यातील मावळ तालुक्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळला आणि चौघांचा मृत्यू झाला. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे लावलेला होता. फलक लावला की कर्तव्य संपले, अशी समजूत किती महाग पडते, हे त्या दिवशी दिसले. ज्ञान फलकावर होते. ते कृतीत उतरले नाही.

आणि आपण?

वाचकहो, येथवर बोट इतरांकडे होते. ते आपल्याकडेही वळविले पाहिजे. शिरूर आणि दौंडच्या मशिदींत वजूला जे पाणी लागते, ते याच योजनांतून येते. मग त्या योजनेचा करार काय आहे, हे विचारणे आपल्या दीनदारीबाहेरचे कसे?

हजरत उमर (रजि.) यांच्याकडे कूफ्याच्या राज्यपालाविषयी, म्हणजे थोर सहाबी हजरत सअद (रजि.) यांच्याविषयी तक्रार आली, तेव्हा त्यांनी चौकशीसाठी माणसे पाठविली. त्या माणसांनी कूफ्यातील प्रत्येक मशिदीत जाऊन लोकांना विचारले. लोकांनी हजरत सअद (रजि.) यांची प्रशंसा केली, एकाने मात्र खोटा आरोप केला आणि तो त्याच्यावरच उलटला. या घटनेत दोन धडे आहेत. थोराहून थोर माणसालाही जाब विचारता येतो. आणि जाब विचारणाऱ्यालाही अल्लाहचे भय बाळगावे लागते. बातमीची शहानिशा करा, हा सूरह अल-हुजुरातचा आदेश (आयत 6) समाजमाध्यमांवर ‘सगळे चोर आहेत’ असे लिहिणाऱ्यालाही लागू आहे.

शहानिशेचे साधन आपल्या हाती आहे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने कोणाही नागरिकाला सल्लागाराचा करार, मोजमाप पुस्तिका आणि तपासणीचे अहवाल मागता येतात. चालू कामाची पाहणी करता येते, साहित्याचा प्रमाणित नमुनाही घेता येतो. अर्ज दहा रुपयांचा आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची. मोहल्ल्यातील दोन सुशिक्षित तरुणांनी वर्षातून एका कामाचा जरी असा मागोवा घेतला, तरी ते चांगुलपणाचा आदेश देण्याचेच कार्य ठरेल.

आपल्या घरांतील मुले आज स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेऊन अशाच सल्लागार कंपन्यांत कामाला लागत आहेत. मातापित्यांनो, त्यांना पगार विचारता तसे हेही विचारा की, तू जे मोजले नाहीस त्यावर सही तर करत नाहीस ना? न पाहिलेल्या सळईची नोंद करणे ही खोटी साक्ष आहे, आणि खोट्या साक्षीची गणना प्रेषितांनी (स.) सर्वांत मोठ्या गुन्ह्यांत केली आहे. नोकरी जाण्याची भीती खरी आहे. घरभाडे आणि हप्ते खरे आहेत. अशा वेळी ‘सही कर’ म्हणणारे घर आणि ‘अल्लाह रोजी देणारा आहे’ म्हणणारे घर, यांत त्या मुलाचे ईमान झुलत असते. कोणते घर व्हायचे, हे आपण ठरवायचे.

मशिदीच्या विश्वस्तांनाही एक नम्र विनंती. जुन्या इमारतीवर मजला चढविताना, घुमट उभारताना, आपण संरचना अभियंत्याचा सल्ला घेतो काय? की ओळखीचा मिस्त्री आणि अल्लाहवरचा भरवसा एवढ्यावर भागवितो? उंट बांधून मग भरवसा ठेवण्याची शिकवण आपलीच आहे. नगर परिषदेकडून जी शिस्त आपण मागतो, ती आधी चंद्यातून उभ्या राहणाऱ्या आपल्या भिंतींत दिसावी.

ज्ञान भाड्याने मिळते; अल्लाहसमोर उभे राहणारा भाड्याने मिळत नाही. सल्ला देणारा, सही करणारा आणि मुकाट पाहणारा, प्रत्येकाचा हिशेब वेगळा आहे. त्या हिशेबाची तयारी आपल्या नळाच्या पाण्यापासून, आपल्या गटाराच्या उतारापासून सुरू होते.

अल्लाह आपल्या जाणकारांना अमानतदार बनवो, आपल्या अमानतदारांना जाणकार बनवो, आणि आपणा सर्वांना सत्य विचारण्याची व सत्य सांगण्याची तौफीक देवो. आमीन.